नळाचं पाणी, सडा

चहा होतोय तोवर बसा, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. दोन मराठी अक्षरांनी मी भोपाळमधल्या एका अख्ख्या सेक्टरचं पाणी बंद पाडलं होतं. अक्षरं माझीच, हस्ताक्षरही माझंच.

मी तेव्हा सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. कराड सोडून वर्षच झालं होतं. टाउनशिपमध्ये दोन खोल्यांचं क्वार्टर, दारापुढे वीतभर अंगण, आणि घरात दीड महिन्याची मुलगी. बाळंतपणानंतर माझ्या बायकोला, वृंदाला, तापानं धरलं आणि अंगावरचं दूध कमी पडायला लागलं. मुलीचं वजन वाढेना. टाउनशिपच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी डब्याचं दूध सुरू करायला सांगितलं.

"इसमें पानी कौन सा डालें?" मी विचारलं.

"उबालकर ठंडा किया हुआ."

"वो ठीक है. पर उबालने के लिए कौन सा?"

बाईंनी चष्मा काढला. "नल का. आपके घर कोई दूसरा पानी भी आता है?"

इथं कुणीही शहाणा माणूस डबा घेऊन घरी गेला असता. पण नव्या बापाला शहाणपण कुठलं? त्या दिवसांत मी धड जागा नसायचो, धड झोपलेलाही नसायचो. हिवाळा होता. ड्रॉइंग बोर्डावर ऊन यायचं आणि मी रेघ ओढता ओढता कुठेतरी तरंगत जायचो. पाईपचा नकाशा काढायला बसलो की त्या पाईपमधून पाणी वाहताना दिसायचं, आणि पाण्याच्या शेवटी आमची चिमुरडी तोंड उघडून बसलेली. भोंगा वाजला की दचकायचो.

तशात शेजारच्या टेबलावरचा एकजण म्हणाला, इथलं पाणी जड आहे, कोलार रोडला आमच्याकडे येतं ते हलकं. झालं. दुसऱ्या दिवशी मी सरबताच्या रिकाम्या बाटल्या धुऊन कामाला लागलो. कोलार रोडचं पाणी आणलं. चार इमली या बड्या अधिकाऱ्यांच्या वस्तीत एका साहेबांच्या बंगल्यावर नकाशा पोचवायला गेलो होतो, तिथल्या बागेतल्या नळाचं आणलं. साहेब लोक पितात ते काही वाईट असेल का? कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या मित्राकडून एक बाटली डिस्टिल्ड वॉटर घेतलं.

"हे बॅटरीत घालतात ना?" वृंदानं विचारलं.

"शुद्ध असतं," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. तिचं गप्प राहणं म्हणजे होकार, असं मी लग्नापासून धरून चाललो होतो.

बाटल्या मी रस्त्याकडच्या खिडकीत ओळीनं मांडल्या. दुपारी ऊन त्यांतून आत यायचं आणि समोरच्या भिंतीवर पाण्याची सावली हलायची. मुलगी दुपट्यात पडून ती सावली बघायची आणि मी मुलीला बघायचो. अशी एकेक दुपार जायची. असं वाटायचं की आमची खोली तळ्याच्या तळाशी आहे आणि वर कुणीतरी हळूच नाव वल्हवतंय.

ड्राफ्ट्समनला नुसती बाटली चालत नाही, तिला नाव लागतं. मी पट्ट्या कापल्या आणि ठळक अक्षरात लिहिल्या: 'कोलार, हलके.' 'चार इमली, बरे.' 'प्रयोगशाळा, अति शुद्ध.' चौथ्या बाटलीत तुलनेसाठी आपल्या नळाचं पाणी होतं.

"त्याचं काय करायचं?" वृंदानं विचारलं.

वृंदा रोज सकाळी अंगणात सडा घालून चार बोटांची रांगोळी काढायची. मी म्हणालो, "सड्याला वापर." आणि पट्टीवर लिहिलं: 'नळ, सडा.'

रोज सकाळी मी बाटल्यांना फूटपट्टी लावायचो. पाणी कमी होत होतं आणि मुलगी बाळसं धरत होती. मी ते वहीत लिहून ठेवत होतो.

आठ-दहा दिवसांनी एका रविवारी शेजारचे तिवारीजी खिडकीशी आले. कारखान्यात फोरमन, अतिशय सज्जन माणूस. घरात दोन लहान नातवंडं. बाटल्यांवरच्या पट्ट्या ते बराच वेळ वाचत उभे होते.

"देवधरजी, ये नलवाला... सडा?"

"जी, सडा," मी म्हणालो. मुलगी खांद्यावर, मी अर्धा झोपेत.

"कब से?"

"हमारे यहाँ तो रोज सुबह. आपके यहाँ नहीं होता?"

तिवारीजींचा चेहरा उतरला. मला वाटलं, आपल्या घरी सडा घालत नाहीत याचं बिचाऱ्यांना वाईट वाटलं.

"हमने तो कभी ध्यान ही नहीं दिया," ते म्हणाले. "पता कैसे चलता है?"

"दरवाजे पर ही दिख जाता है. गीला-गीला. मिट्टी की बास भी आती है."

"बास आती है," ते हळूच म्हणाले. "और बच्ची को?"

"नहीं नहीं, बच्ची को कैसे देंगे? सीधा जमीन पर डाल देते हैं."

तिवारीजींनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आपने अच्छा किया जो बता दिया." मी मुलीला थोपटत आत गेलो. किती आपुलकीनं चौकशी करतात इथली माणसं, असं वृंदाला सांगितलंसुद्धा.

तुम्हाला कळलंच असेल. मला कळलं नव्हतं. हिंदीत सडा म्हणजे कुजलेलं, नासलेलं.

सोमवारी सकाळी कामावर निघालो तर कोपऱ्यावरच्या हातपंपाला बादल्यांची रांग. कोवळं ऊन, बायकांच्या शाली, पितळी कळश्या. मला ते दृश्य इतकं सुंदर वाटलं की सायकल थांबवून बघत उभा राहिलो. का जमलेत, हे विचारायचं सुचलंच नाही. दुपारी कारखान्याच्या कँटीनमध्ये चहा बंद. घराघरांतून लोकांनी नळ सोडून ठेवले होते, खराब पाणी वाहून जाऊ दे म्हणून. त्यामुळे बारा वाजता सेक्टरची टाकी रिकामी झाली, आणि टाकी रिकामी झाल्यावर बातमी आली की पाण्यात काहीतरी सापडलंय, म्हणून सरकारनंच ते तोडलं. वायुकांडानंतर भोपाळमध्ये हवा-पाण्याची अफवा कुणी हसण्यावारी नेत नाही. न्यावी तरी कशी?

आणि माझं काय झालं म्हणता? माझी छाती फुगली. मी आधीच ओळखलं होतं ना.

अर्धी रजा टाकून घरी आलो. "वृंदा, ऐकलंस का? नळाचं पाणी खरंच खराब निघालं. सगळी टाउनशिप म्हणतेय. बरं झालं आपण बाटल्यांचं देत होतो."

वृंदा मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. ती पांढरीफटक पडली.

"अहो," ती म्हणाली, "मी पहिल्या दिवसापासून नळाचंच देतेय. उकळून."

"मग बाटल्यांतलं?"

"अंगणातल्या मोगऱ्याला घालत होते. तुमचा जीव रमत होता, म्हणून बोलले नाही."

मी वहीकडे बघितलं. मग मुलीकडे. ती झोपेत ओठ हलवत होती. त्या क्षणी माझी झोप जी उडाली, ती पुढे कितीतरी दिवस आली नाही. आम्ही तिघं रिक्षानं दवाखान्यात गेलो. वाटेत वृंदा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "चांगलं खळखळून उकळत होते हो मी." मी तिचा हात धरून बसलो होतो. माझ्या मनात बॅटरी, बंगला, मोगरा, सगळं एकत्र फिरत होतं.

डॉक्टरबाईंनी मुलीला काट्यावर ठेवलं, पोट तपासलं, डोळे पाहिले. मुलीनं त्यांचं बोट पकडलं.

"वजन अच्छा बढ़ा है," त्या म्हणाल्या. "बच्ची एकदम ठीक है. हुआ क्या?"

"नल का पानी खराब है, सब कह रहे हैं."

"सुबह से मैं भी यही सुन रही हूँ. सबको कहा किसने?"

बाकावर बसलेल्या एका बाईंनी उत्तर दिलं. "कोई देवधर है, ड्रॉइंग ऑफिस का. उसने लैब से जाँच करवाई है. नल का पानी सड़ा निकला. खिड़की पर लिखकर रखा है."

वृंदानं माझ्याकडे हळूच मान वळवली. ती मॅट्रिकला हिंदी घेऊन पास झालेली. तिला तिथल्या तिथं उमगलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय असं समजून त्या बाकावरच्या बाईंनी तिला जवळ घेतलं.

संध्याकाळी टाउनशिपच्या प्रशासक साहेबांनी बोलावलं. टेबलावर आमच्या खिडकीतून उचलून आणलेली चौथी बाटली, पट्टीसकट. बाजूला तिवारीजी, खाली मान घालून. साहेब कानपूरकडचे. मी सांगितलं की सडा ही शिवी नाही, आमचा सकाळचा संस्कार आहे.

"मतलब?"

मतलब शब्दांत सांगता येईना. शेवटी मी त्यांच्या टेबलावरचा लोटा उचलला, बाहेरच्या ओट्यावरून खाली उतरलो आणि बुशशर्टाच्या बाह्या सरसावून त्यांच्या फाटकापासून पायरीपर्यंत सडा घातला. ऊन कलतीला लागलं होतं. माती भिजली, तिचा वास वर आला. साहेब, तिवारीजी, दोन कारकून पायरीवर उभे राहून बघत होते. मला वाटलं, आता नोकरी गेली, पण अंगण किती छान दिसतंय.

"तो इसे छिड़काव कहिए न, भाई," साहेब म्हणाले.

त्यांनी मला नळाचं एक भांडंभर पाणी सगळ्यांसमोर प्यायला लावलं, आणि हुकूम दिला: सेक्टरच्या फलकावर खुलासा लावायचा, माझ्या हातचा, खाली माझं नाव घालून. आजच.

घरी येऊन मी कागद ताणून बसवला. काळी शाई, ठळक अक्षरं. असा सुबक कागद मी आयुष्यात काढला नसेल. मुलगी शेजारी हुंकार देत होती, वृंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "एकदा तिवारीजींना दाखवून घ्या हं." मी म्हणालो, एका शब्दाला चुकलो म्हणजे काय सगळी हिंदी विसरलो? लोकांनी त्या बिचाऱ्या पाण्याची आणखी टिंगल करू नये, त्याची किंवा ते पिण्याची चेष्टा करू नये, एवढंच तर लिहायचं होतं. लिहिलं:

'नल का पानी पूर्णतः शुद्ध है. कृपया कोई इस पानी की, अथवा इसे पीने की, चेष्टा न करे.'

खाली सही केली आणि दिवेलागणीला फलकावर लावून आलो.

सकाळी हातपंपाची रांग आदल्या दिवसाच्या दुप्पट होती. तिवारीजी मधेच बादली घेऊन उभे.

"तिवारीजी, आप भी? मैंने लिखा तो है."

"पढ़कर ही आए हैं," ते समजुतीनं म्हणाले. "पानी शुद्ध है, पर कोई पीने की चेष्टा न करे. सो हम कोशिश भी नहीं कर रहे. और इस बार तो आपने दस्तख़त भी किए हैं."