घटस्फोटाला कारण हवं

ये गं पोरी, अशी जवळ बस. दारात उभ्या उभ्याच म्हणतेस, "आजी, तुमचा संसार किती सुरळीत झाला!" कुणी सांगितलं तुला? माहीत नसताना असं ठोकून देऊ नये. मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी घटस्फोटाच्या कागदावर सही करायला बसले होते, आणि तीही ह्यांच्याच आग्रहानं.

आमचं नगरला भांड्यांचं दुकान. लग्नसराईत पार पारनेरकडची माणसं यायची. "पावती हवी? मग भाव वेगळा," असं हे हळूच म्हणायचे, की पावती कुणीच मागायचं नाही. एवढ्यावर थांबायचं ना! पण आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव, तारीख फुकट घालून द्यायचे आणि खाली हौसेनं आपल्या दुकानाचं नाव. विक्रीकराचे एक साहेब कुठल्याशा लग्नात जेवायला गेले. आहेर मांडलेला होता. साहेबांनी घागरी, हंडे फिरवून फिरवून वाचले आणि पुढच्याच आठवड्यात दुकानात आले. आमच्या वहीत त्या महिन्यात एकही हंडा विकला गेला नव्हता.

कर आणि दंड मिळून असा आकडा निघाला की हे दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी चार भाकरी खाल्ल्या, कारण वकिलानं तोड काढली होती. घर आधीच माझ्या नावावर केलेलं, तेही कर चुकवायलाच. पण बायकोचं घर म्हणजे नवऱ्याचंच, असं सरकार धरणार. वकील म्हणाले, "वहिनी, घटस्फोट घ्या. घर पोटगीत मिळालं म्हणायचं. मग कोण हात लावतंय!"

"कागदावरच गं," हे म्हणाले, जणू कागदावर माणसं राहत नाहीत.

पण त्या काळी नुसतं 'आम्हा दोघांना नको' म्हणून भागत नव्हतं. कुणाचा तरी दोष लागायचा. वकिलांनी सोप्यात बसून दोषांची यादी वाचली, वाण्याच्या यादीसारखी. वेड लागलं म्हणावं, तर वेड्याला माल उधार कोण देणार? संन्यास घेतला म्हणावं, तर सासूबाई आतून ओरडल्या, "ह्यो आन् संन्यास? ह्येला दोन्ही येळंला भाकरीवर तूप लागतंय!" बाहेर बाई ठेवली म्हणावं, तर हे ताठ झाले. "मी देवळाचा पंच आहे. लोक काय म्हणतील?"

मग चहा संपवून, मिशी पुसून, हे म्हणाले, "त्यापेक्षा ते हिच्या नावावर लिहा. हिला गावात कोण ओळखतं?"

वकिलांनी लगेच पेनाचं टोपण काढलं. मी म्हटलं, "वकीलसाहेब, बदफैली बाईला पोटगीत घर कुठला नवरा देतो?"

वकिलांनी टोपण परत लावलं. हे म्हणाले, "तू मधे बोलू नको. ते नंतर बघू."

खरं सांगू? तरी चार दिवस माझं मन डळमळत होतं. थोरलीला स्थळं बघत होतो. घर गेलं तर तिला कुठल्या दारातून पाठवायची? आणि सही केली तर तिच्या आईबद्दल कोर्टात काय लिहिलंय, हे सोयरे वाचणारच. शेवटी सासूबाईंपाशी बसले. त्या म्हणाल्या, "घर काय, परत हुईल. आसलं नाव पुसत न्हाई, बाई."

पाचव्या दिवशी मी ह्यांना सांगितलं, "अहो, सही करते, पण विक्रीच्या कागदावर. घर माझं आहे ना? मग मी विकते. कर भरा आणि मोकळे व्हा."

"माझं घर!" हे ओरडले.

"साहेबांसमोर जाऊन म्हणता का तसं?" मी विचारलं.

घर गेलं. भाड्याच्या दोन खोल्यांच्या दारातून थोरलीची पाठवणी केली. त्या दारातून वाकून जावं लागायचं, वऱ्हाडातल्या दोघातिघांची डोकी आपटली, पण लग्न लागलं. हे वर्षभर माझ्याशी मोजकंच बोलले. तेवढी शांतता मला नंतर कधी मिळाली नाही. आता म्हातारपणी आल्यागेल्याला सांगतात, "वकील मागं लागला होता, पण मी हिला सोडलं नाही!" मी ताक घुसळत ऐकते.

तू रविवारीच ये परत. आईलाही घेऊन ये. तुम्ही आलात की हे तेच सांगतील, पण दोघींनी निमूट ऐकून घ्या. फार दिवस लावू नकोस गं, वाट बघते.