युद्धानंतर शोधायला निघालेली माणसं

दादा पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला होता. हंगाम संपत आला होता. एका दुपारी सोबतच्या माणसाला "जरा जाऊन येतो" म्हणाला आणि परत आलाच नाही. मोबाईल बंद. ना कुणाशी भांडण, ना कसली कुरबुर. पोलिसांत तक्रार दिली, दवाखाने पालथे घातले, सगळ्या नातेवाइकांना विचारलं. वडील आधीच गेलेले. घरात आई आणि मी उरलो.

मी तेव्हा गंगापूर रोडच्या एका कॉलेजात इतिहासात एम.ए. करत होते. आई म्हणाली, "कॉलेज सोडू नकोस. तो आला की मलाच बोलेल." म्हणून जात राहिले. अमेरिकेच्या यादवी युद्धाचा पेपर होता. गुलामगिरी हा शब्द आमच्या वस्तीत जयंतीच्या भाषणांतून लहानपणापासून ऐकलेला, त्यामुळे हा विषय मी हौसेने निवडला होता. आता मळे, राज्यं, लढाया नुसत्या कानावरून जात होत्या.

एक दिवस मॅडम युद्धानंतरचं शिकवत होत्या. गुलामगिरी संपली तेव्हा सुटलेल्या माणसांनी पहिलं काय केलं? कित्येकजण चालत निघाले. विकली गेलेली मुलं, नवरे, बायका, आया शोधायला. ज्या गावी विकलं असं ऐकलं होतं, त्या गावी. कुणी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या: माझी आई अशी दिसायची, अमक्या मालकाकडे होती, कुणी पाहिली का?

माझा हात थांबला. तास संपल्यावर मी मॅडमना व्हरांड्यात गाठलं.

"मॅडम, सापडली का त्यांना माणसं?"

त्यांना दादाचं माहीत होतं.

"काहींना सापडली. बहुतेकांना नाही."

खोटं बोलल्या असत्या तरी चाललं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "त्यांच्या लेकरांना ओढून नेलं. माझा तर स्वतःच्या पायांनी गेला. मी कुणाला शिव्या देऊ?"

त्याच आठवड्यात ओळखीच्या एका रिक्षावाल्याचा फोन आला. त्र्यंबकेश्वरला कुशावर्त कुंडाजवळ दादासारखा माणूस बसलेला असतो, दाढी वाढलेली, कुणाशी बोलत नाही. मिळेल त्या एसटीने आम्ही निघालो. प्रसादाच्या दुकानांसमोरच्या गर्दीतून आई मला ओढतच नेत होती. तो माणूस पायरीवर बसला होता. पाठीमागून खांदे अगदी दादाचेच. आईने हाक मारली. त्याने वळून पाहिलं.

तो दादा नव्हता.

आई त्याच्याशेजारीच बसली. त्याला विचारत राहिली, "तुझं गाव कोणतं रे? घरी कोण आहे?" तो कुंडातल्या पाण्याकडेच बघत होता. मी तिला उठवायला गेले, तर म्हणाली, "थांब. याचीही कुणीतरी वाट बघत असेल."

परीक्षेत युद्धाच्या परिणामांवर प्रश्न आला. घटनादुरुस्त्या लिहायच्या होत्या, त्या दोन ओळींत उरकल्या. बाकी सगळी पानं मी चालत निघालेल्या माणसांवर लिहिली, वेळ संपेपर्यंत. जेमतेम पास झाले.

दादा अजून आलेला नाही. गेल्या आठवड्यात मालेगावहून कुणीतरी फोन केला होता. तिथेही जाऊन आलो.