उपाशी ठेवायचं शास्त्र

माझी शाळा चौथीपर्यंत, तीबी निजामाच्या काळात उर्दूतून. त्यामुळं शास्त्रातलं मला काही कळत न्हाई. पण एक शास्त्र साफ खोटं होतं हे मी घरात बघितलंय, आणि ते खरं ठरवायला हातभारबी लावलाय.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि बायकोला मुदतीचा ताप आला. परतूरहून डॉक्टर आणला. त्यानं जीभ बघितली, पोट दाबलं आणि सांगितलं, विलायतेत शोध लागलाय, ह्या तापात आतड्याला जखमा होतात, अन्नाचा कण गेला की आतडं फाटतं. एकवीस दिवस नुसतं जवाचं पाणी. आईला तो हुकूम देवापेक्षा मोठा वाटला.

बाराव्या दिवशी बायकोच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. आमच्यात नवऱ्यानं दिवसा बायकोजवळ जाणं म्हणजे बेशरमपणा. ती कशी हाये हेबी आईलाच विचारायचं. मंग आई कापूस वेचायला गेली की मी चोरासारखा आत शिरायचो आणि ज्वारीची पातळ आंबील पाजायचो. पहिल्या दिवशी वाटलं, मारली मी हिला. ती म्हणाली, "मीठ कमी हाये." मरणाऱ्याला मीठ कळत न्हाई, म्हणलं, वाचती ही.

यंदा म्हातारपणी दवाखान्यात तिच्या खाटेपाशी नवे डॉक्टर मला म्हणत होते, बाबा, चार घास तरी खाऊ घाला. शास्त्र पार उलटलं होतं. पण तिनं तोंड उघडलं न्हाई.

त्या मुदतीच्या तापात मात्र वाचली. डॉक्टरनं चावडीपुढं सांगितलं, बघा उपासाचा गुण. मी मान डोलावली. दिवसा बायकोजवळ बसलो हे गावाला कळण्यापेक्षा शास्त्र खरं ठरलेलं मला बरं वाटलं. असा भेकड होतो.

महिन्यानं शेजारणीची पोरगी तापली. डॉक्टर आमच्याच ओसरीवर बसून शेजारणीला माझ्या बायकोचा दाखला देऊन राह्यला होता. तेवढ्यात ही बाहेर आली. पदर सावरून, सासूसमोर, परक्या माणसासमोर म्हणाली, "अक्का, मी उपाशी नव्हते. रोज आंबील पेले. ह्यांनी पाजली, दिवसाढवळ्या."

आईनं असं बघितलं की मी खांबाआड झालो. डॉक्टर म्हणाला, "आंबील पिऊनबी वाचली, म्हणजे उपासाची ताकद केवढी बघा."

शेजारीण तोवर पोरीला पाजायला आमच्या ताकाचा गडू उचलून घरी गेल्ती. पोरगी वाचली. आता हा डॉक्टर परतुरात त्या पोरीचा दाखला देऊन कुणाला उपाशी मारतो, ह्याची मला पुढं लई दिवस धास्ती होती.