नात्तोवाल्याची लेक

कियोमी सुगाया आपल्या बापाला भेटायची ती घराबाहेर, नूडल्सच्या दुकानासमोर गाड्या लावतात त्या आवारात. म्हातारा तोकुजी त्या दिवशी दोनदा अंघोळ करायचा, धोब्याकडचे कपडे घालायचा आणि तिच्या गाडीपासून चार हात लांब उभा राहायचा.

"वारा कुठून आहे ते बघ आधी. मी कुठल्या अंगाला उभा राहू?"

"बाबा, एवढं काही नाही."

"नाही कसं? मागच्या खेपेला जवळ आलो तर अशी मागे सरकलीस, की दुकानवालीला वाटलं म्हातारा भीक मागतोय!"

गोष्ट खरी होती. सुगायांच्या घरात तीन पिढ्या नात्तोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या. सोयाबीन वाफवायचं, त्यावर विरजण शिंपडायचं, भाताच्या पेंढ्यात बांधून उबेच्या खोलीत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी दाण्यादाण्याला तार सुटलेली. त्या विरजणाचे जंतू घराच्या तुळयांत, गाद्यांत, म्हाताऱ्याच्या भुवयांतसुद्धा मुरलेले. उकळून मरत नाहीत, वाळून मरत नाहीत.

आणि लेक कामाला होती त्सुकुबाच्या संशोधन संस्थेत, मार्मोसेट माकडांच्या खोलीवर. खारीएवढी माकडं. पण ही साधी नव्हती. गर्भ नुसता एका पेशीचा असतानाच त्यातलं एक जनुक कापून टाकलेलं, त्यामुळे रोगाशी झुंजणारी फौजच अंगात तयार होत नसे. आपल्याला शिंकही येणार नाही अशा जंतूने ती दोन दिवसांत संपायची. त्या खोलीच्या दारावरचा पहिलाच नियम असा होता: नात्तो खायचा नाही, आणि नात्तो करतात त्या घरात पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर त्या माणसाला महिनाभर खोली बंद.

"मी जंतू वाढवतो, पोरगी जंतू मारते," तोकुजी दुकानवालीला सांगायचा. "एका छपराखाली दोन्ही धंदे कसे चालतील?" हसून सांगायचा. पण बायकोच्या वर्षश्राद्धाला कियोमीने देवळाच्या पायरीवरूनच हात जोडले आणि जेवणाला घरी आली नाही, तेव्हा तो हसला नव्हता.

उन्हाळ्यात म्हाताऱ्याच्या अंगावर निळे डाग उठू लागले. रक्ताचा कर्करोग. कारखाना बंद झाला, उबेची खोली थंड पडली आणि तोकुजीला मितोच्या मोठ्या दवाखान्यात काचेमागच्या खोलीत ठेवलं. औषधांनी त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार झोपवल्या होत्या.

"कच्चं काही नाही, लोणचं नाही, नात्तो तर अजिबात नाही," नर्स म्हणाली.

"बाई, माझ्या नसांत रक्त कमी आणि नात्तोच जास्त आहे."

"म्हणूनच नको, आजोबा."

कियोमी टोपी, मास्क, डगला चढवून आत आली. रोज कामावर चढवते तसाच. तोकुजी तिच्याकडे बघतच राहिला.

"अस्सं! म्हणजे कामावर तू अशी दिसतेस. मग आता मी तुझं माकडच झालो की."

"काहीतरीच बोलू नका."

"खोटं आहे का? त्यांना नात्तो बंद, मला नात्तो बंद. बरं, सांग तरी, त्या बिचाऱ्यांना असं पांगळं कशाला करता?"

"माणसाचं रक्त त्यांच्या अंगात घातलं तर त्यांचं शरीर ते बाहेर फेकत नाही. तिथेच वाढतं. मग त्यावर नवी औषधं लावून बघतात."

"माझं हे नासलेलं रक्तही चालेल?"

"चालेल."

"मग घाल की. त्यावरून मला बरं करायचं औषध काढा."

कियोमीने चादर नीट केली. "आत्ता नाही जमणार, बाबा. मी म्हातारी होईन तेव्हा कदाचित. तेव्हाही नाही जमलं, असंही होईल."

"हं," म्हातारा म्हणाला. "माझा नंबर फारच मागे लागलाय."

बर्फाचे दिवस सुरू होता होता डॉक्टरांनी औषधं थांबवली. उपयोग नव्हता. आता त्यांना काय हवं ते खाऊ द्या, म्हणाले. तोकुजीला दुसरं काय हवं असणार?

"आपल्या घरचा नात्तो. पेंढ्यातला. दुकानातला प्लास्टिकचा डबा आणलास तर फेकून मारीन."

"घरचा कुठून आणू? कारखाना बंद आहे."

"मग कर. चौथीत होतीस तेव्हापासून पेंढ्या बांधायचीस. विसरलीस?"

विसरली नव्हती. अडचण वेगळीच होती. त्याच आठवड्यात त्सुकुबाच्या खोलीत मार्मोसेटची जुळी झाली होती. एक दुसऱ्या दिवशीच गेलं, उरलेलं नर होतं, अंगठ्याएवढं. आईला दूध नव्हतं. बाप त्याला पाठीवर घेऊन फिरायचा, आणि दूध पाजायला कियोमी बारीक सिरिंज पुढे करायची तेव्हाच खाली उतरवू द्यायचा. दुसऱ्या कोणाचा हात दिसला की दात विचकायचा.

डॉक्टर नागुमो तिथल्या मुख्य. त्या काचेपलीकडे उभ्या होत्या. या खेपेला कित्येक गर्भांतलं जनुक कापलं, कित्येक माद्यांत ते ठेवले, त्यातून जगलेलं हे एकच.

"महिनाभर, सुगायासान?"

"नियम तुम्हीच केलाय, डॉक्टर."

"माझ्या हातून घेत नाही तो. काल सगळं दूध तोंडातून बाहेर काढलं."

"हळू आवाजात बोलत राहा. मी बोलते तशा."

"तुम्ही काय बोलता?"

"काहीही. भाजीचे भाव. मुळा महाग झाला, असलं."

नागुमोंना हसू आलं आणि तिथेच विरलं. "मी थांबा म्हणणार नाही."

"म्हणा ना," कियोमी एकदम म्हणाली. "एकदा म्हणा. म्हणजे मला तुमचा राग तरी येईल."

नागुमो काचेपासून दूर झाल्या. कियोमीने पिल्लाला शेवटचं पाजलं, बापाच्या पाठीवर ठेवलं आणि ती निघाली.

घराचं दार उघडताच तो वास आला, उग्र, ओलसर, लहानपणचा. ती उंबऱ्यात बसली आणि पोटभर रडली. मग उठून बाह्या सरसावल्या. सोयाबीन भिजत घातलं. दुसऱ्या दिवशी वाफवलं. गाडीतली क्लोरीनच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली आणून तिने हात धुतले, मग टोप, मग पळी, मग पेंढ्यांच्या जुड्या. रोज त्या खोलीत शिरताना करते तेच सगळं, तसंच, न चुकता. फ्रिजमधलं विरजण पाण्यात कालवून शिंपडलं, दाणे पेंढ्यात बांधले, उबेच्या खोलीत शेगडी पेटवली आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिने पेंढी उकलली. दाणे कोरडे. वर पांढरी साय नाही, काडीने ढवळलं तरी तार नाही. वास घेतला तर नात्तोचा नव्हेच, दवाखान्याच्या फरशीचा. तेव्हा कुठे तिची नजर त्या फवाऱ्याच्या बाटलीवर गेली.

उकळून मरत नाहीत असे जंतू तिने आपल्या हातांनी मारले होते. इतकी वर्षं दुसरं केलं तरी काय होतं त्या हातांनी?

नव्याने सोयाबीन भिजवायला ती टोप ओढते तोच दवाखान्यातून फोन आला. आजच या. उद्यावर ठेवू नका.

टोप तिथेच टाकून तिने हाताला लागली ती पेंढी उचलली आणि गाडी काढली. सिग्नलला थांबली असताना नागुमोंचा फोन आला.

"सुगायासान... पहाटे गेला तो. मी भाजीचे भाव सांगत होते. दोन थेंब घेतलेसुद्धा. मग नाहीच."

"बरं," कियोमी म्हणाली.

"त्याचा बाप अजून त्याला पाठीवरून सोडत नाहीये. काय करू?"

"असू दे थोडा वेळ. आपणहून ठेवील खाली." मागची गाडी भोंगा वाजवत होती.

ती डगला चढवून आत आली तेव्हा तोकुजीला उशीला टेकवून बसवलं होतं. ओठ फाटलेले, तोंडात छाले. पेंढी दिसताच डोळे तेवढे हलले.

"आणलास?"

"आणला."

तिने तीन दाणे त्याच्या जिभेवर ठेवले. तो बराच वेळ तोंड हलवत राहिला. गिळताना डोळ्यांत पाणी आलं. ती वाट बघत होती की आता बोलेल, कच्चा आहे, फसलाय, नात्तोवाल्याची लेक शोभतेस का म्हणून.

"छान झालाय," तोकुजी म्हणाला.

औषधांनी जिभेची चवच गेली होती, की तिच्यासाठी बोलत होता, हे कळायला मार्ग नव्हता. विचारायचं धाडस तिला झालं नाही.

"आणि ते तुझं पिल्लू, तू सांगितलं होतंस ते?" त्याने विचारलं. "दूध पितं का?"

"पितं."

"कोणाच्या हातून?"

"डॉक्टर पाजतात. सवय झालीय त्याला आता."

"मग झालं तर." म्हाताऱ्याने डोळे मिटले. "महिनाभर ना? मग जाशील परत."

"हो, बाबा."

संध्याकाळपर्यंत त्याचा श्वास थांबत थांबत चालला आणि मग थांबलाच. नर्सने खोली आवरायला घेतली. उशीशेजारची पेंढी उचलून विचारलं, "हे घरी न्यायचंय?"

"नको," कियोमी म्हणाली आणि डगल्याच्या गाठी सोडू लागली. नर्सने पेंढी दवाखान्याच्या कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकली आणि पिशवीचं तोंड बांधलं.