दोरीवरचा गणवेश

मी खोली फॅमिलीलाच देतो, हे अख्ख्या मोशीला ठाऊक आहे. एकट्या पुरुषांचा मला वैताग येतो. आमच्या गच्चीवरच्या खोलीत राहणारा, चाकणच्या कंपनीत जाणारा तो माणूसही हे जाणून होता. पोरीला पहिलीत घालायची वेळ आली तेव्हा त्यानं तिला आणि बायकोला चांगल्या शाळेसाठी लांब, एका तालुक्याच्या गावी नेऊन ठेवलं, आणि माझ्यापासून ते लपवलं. जिन्यात भेटला की खाली मान घालून म्हणायचा, "आत्ताच जेवलो आम्ही, काका." एका ताटाचा आवाज मला खाली ऐकू आलेला असायचा.

दर रविवारी तो पोरीचा बालवाडीचा गणवेश धुऊन दोरीवर घालायचा, तोही जिन्याच्या तोंडाशी, मला दिसेल असा. त्या दोरीवर पोरगी चार वर्षं बालवाडीतच होती.

शेवटी मीच म्हणालो, "अरे, मला समदं ठाऊक हाय. राहा एकटा. मी काय काढत न्हाई तुला."

"शाळा लई चांगली आहे तिकडं, काका," एवढंच तो बोलला.

पुढच्या रविवारी गणवेश पुन्हा दोरीवर. मला रागच आला. आता हे कुणाला दाखवायला?

मे महिन्यात पोरगी दोन दिवसांसाठी आली. चांगली उंच झाली होती. दोरीखाली उभी राहून तिनं विचारलं, "पप्पा, हा एवढासा ड्रेस कुणाचा?"

माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "वरच्यांच्या पोरीचा."

त्याच्या वर फक्त पाण्याची टाकी आहे.