गोदाक्कांसाठी पिठलं-भात

आता ही फजिती सांगायचीच, तर चहा उकळेपर्यंत सांगून टाकतो. हसा, पण माझ्याकडे बघून नको.

गंगापूर रोडवरच्या एका कलादालनाच्या अंगणात दर रविवारी गोदाक्का खाटेवर बसायच्या. नऊवारी, पांढरा अंबाडा, पुढ्यात कांद्यांची टोपली. विंचूरची हाय म्हणायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायच्या. मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काय भाऊ, जेवला का? तोंड लय सुकलंय."

माझी बायको सुधा गेल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. मग काय, माझे रविवार तिथेच. दालनात आत काय चाललंय, ते बघायला मी एकदाही गेलो नाही.

एका रविवारी खाट रिकामी. फाटकावर पाटी: 'गोदाक्का आज गेल्या. संध्याकाळी श्रद्धांजली.'

मी तडक घरी. ज्या घरातलं माणूस जातं, तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भात नेतात. सुधाच्या वेळी आमच्याकडेही आणला होता. माझ्या पिठल्यात गुठळ्या झाल्या, पण केलं.

संध्याकाळी दालनाच्या दारात जीन्समधली एक बाई उभी होती. तिच्या हातात डबा दिला. म्हटलं, "मुलगी ना? अगदी आईवर गेलीस. चार घास खाऊन घे." ती नुसती बघत राहिली. मला वाटलं, धक्का बसलाय.

आत लोक चक्क हसत होते! माझं डोकं फिरलं. उठलो आणि बोलायला लागलो. सुधाच्या वेळी तोंडातून शब्द फुटला नव्हता, इथे थांबेना. म्हणालो, घरी विचारणारं कुणी उरलं नाही, म्हणून मी या बाईंकडे यायचो. उपाशी असलो तरी जेवलो म्हणायचो, आणि त्यांना ते कळायचं.

मग टाळ्या. श्रद्धांजलीला टाळ्या?

मी रागावणार, तोच ती जीन्सवाली डबा उघडून समोर आली. डोळे ओले, आवाज मात्र गोदाक्कांचा. "भाऊ, आज तरी खरं सांग. जेवला का?"

तेव्हा कुठे मला कळलं. गोदाक्का हे तिनं रचलेलं माणूस होतं. कलाप्रयोग म्हणून वर्षभर ती ते जगली आणि आज तिनं ते संपवलं. माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. पण काय ताकद बाईची! नसलेल्या माणसानं मला जेवायला लावलं. आम्ही दोघांनी एकाच डब्यातून खाल्लं, गुठळ्यांसकट.

निघताना एका दाढीवाल्या तरुणानं माझा हात दाबला. "काका, कमाल. हे बायको गेलेल्या माणसाचं पात्र कधीपासून करताय?"

"गेल्या श्रावणापासून," मी म्हणालो.

"एकदम खरं वाटतं," तो म्हणाला. "फक्त तो डबा जरा जास्त झाला."