दीडशे किलोमीटर, तीन कमी

गेल्या वर्षी मी एका दिवसात दीडशे किलोमीटर सायकल चालवली, असं आमच्या गल्लीच्या तोंडावरचा फ्लेक्स सांगत होता. कोल्हापुरात फ्लेक्स लागायला फार मोठं कारण लागत नाही. तालमीच्या दिलीपअण्णांनी हौसेनं लावला होता, माझ्या हेल्मेटमधल्या फोटोसकट. मी रोज त्याच्याखालून कामावर जायचे.

दिवाळीनंतर सायकल साफ करताना माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या राइडच्या आधी सायकल दुरुस्तीवाल्या रशीदभाईंनी जाड टायर काढून बारीक बसवले होते. मीटर मात्र चाकाचं जुनंच माप धरून मोजत होता. गच्चीवर खडूनं रेघ मारली, चाक एक वेढा फिरवलं आणि शिलाईच्या टेपनं मोजलं. दोनदा, मग तिसऱ्यांदा. हिशेब एकशे सत्तेचाळीसचा आला. तीन किलोमीटर कमी.

रशीदभाईंकडे गेले. ते म्हणाले, "वैनी, मी टायर लावला. मीटर तुमी लावलाय." ते खरंच होतं.

मग अण्णांना सांगितलं, की फ्लेक्स उतरवा, आकडा चुकलाय. ते माझ्याकडे बघतच राहिले. "कुठं टेम्पोत बसलासा काय?" मी नाही म्हटलं, चाकाच्या मापाचं समजावलं. त्यांनी मान डोलावली. ती मान मला अजिबात आवडली नाही. घरी नवरा म्हणाला, "तीन किलोमीटरनं कुणाचं काय बिघडलं?" पण आता प्रश्न तिनाचा नव्हता. मी कबूल केलं तीन, आणि ऐकणाऱ्यानं काय धरलं कोण जाणे. म्हणून पुन्हा जायचं ठरवलं. या वेळी नवं माप घातलेला मीटरही आणि फोनही. ज्याचा आकडा कमी, तो खरा.

पहाटे पाचला निघाले. दोन बाटल्या पाणी, गूळ-शेंगदाणे, चार केळी, एक जादा ट्यूब. बेत सोपा होता: हायवेनं कागल, निपाणी, संकेश्वर, मीटरवर पंचाहत्तर दिसले की वळायचं. जाणार असाल तर शक्य तिथं सर्व्हिस रोड धरा, पण डोळे उघडे ठेवून. उसाचे दिवस आहेत. ट्रॅक्टरच्या जोड ट्रॉल्या मोठ्यानं गाणी लावून जातात आणि दुसरी ट्रॉली पहिलीच्या मागे सरळच येईल याची खात्री नसते. सांडलेला ऊस चाकाखाली आला की सायकल घसरते.

कागलला उजाडलं. एमआयडीसीच्या पहिल्या पाळीच्या बस चालल्या होत्या. केळं खायला थांबले तेव्हा मागे थोड्या अंतरावर एक काळी मोटारसायकल थांबली. हेल्मेट, गळ्याला मफलर, टाकीवर पोतं. मी निघाले, तीही निघाली. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला, राज्य बदललं, मोटारसायकल तीच. हायवेवर सायकलच्या चालीनं कुणी मोटारसायकल चालवतं का? निपाणीत इडली खाताना मी मुद्दाम भिंतीला पाठ लावून बसले. तो समोरच्या टपरीवर वर्तमानपत्र वाचत होता. गाडीचा नंबर मी हातावर लिहून घेतला. तिथली चाळीस रुपयांची इडली छान असते म्हणतात, मला चव आठवत नाही.

तवंदी घाटात मी इतकी हळू होते, की फोनला मी थांबलेच आहे असं वाटलं आणि त्यानं मोजणं बंद केलं. ते मला माथ्यावर कळलं. चिडून चहाच्या टपरीवर बसले तर तो समोर. हेल्मेट काढलेलं. साठीचा गडी, पांढऱ्या मिशा. टपरीवर चारपाच माणसं होती, त्यामुळे धीर आला.

"का मागं लागलाय माझ्या?"

"मागं न्हाय. बघतोय," तो शांतपणे म्हणाला. "मी संभाजी. दिलीपचा मेव्हणा. त्यानं सांगितलं, वैनी परत निघाल्यात, जरा नजर ठेव."

"काळजी म्हणून?"

"न्हाय न्हाय. टेम्पो येतोय का बघाय."

टपरीवाली बाई हसली. मला हसू आलं नाही. पण माणूस खोटं बोलला नव्हता, एवढं पदरात पडलं.

संभाजीराव दूध संस्थेत फॅट तपासणारे टेस्टर होते. "तीस वर्षं दुधातलं पाणी धरलंय. सख्ख्या भावाचंबी कॅन परत पाठिवलंय. त्यो अजून बोलत न्हाय." चहाचे पैसे त्यांनी दिले. ते देऊ द्यायला हवे होते की नाही याचा मी संकेश्वर येईपर्यंत विचार करत होते.

पंचाहत्तरला वळले आणि वारं तोंडावर आलं. संकेश्वरहून परत येताना रस्ता दिसतो सपाट, पण पाय वेगळंच सांगतात. दुपारचे दोन. डाव्या पोटरीत गोळा आला. उतरून चालले, पुन्हा बसले. एका ट्रॉलीच्या मागच्या साखळीकडे मी बराच वेळ बघत होते, हे इथं लिहून ठेवते.

तेवढ्यात संभाजीराव शेजारी आले. गाडी अगदी हळू केली आणि डावा खांदा माझ्याकडे झुकवला.

"धरा की. घाटमाथ्यापतुर. मी कुणाला सांगत न्हाय."

आवाज मऊ होता. खांदाही हाताच्या अंतरावर होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. आत काही दिसलं नाही, हेल्मेटच्या काचेत मीच दिसत होते.

"नको," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले आणि मागे गेले. घाटमाथा मी माझ्या पायांनीच गाठला.

कोल्हापुरात शिरून रंकाळ्यापाशी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. मीटर एकशे पन्नास पूर्णांक चार, फोन एकशे अठ्ठेचाळीस पूर्णांक नऊ. फोनचं घाटातलं ते झोपणं. मीटर बरोबर आहे हे मला ठाऊक होतं, पण मीच घातलेली अट होती. रंकाळ्याला वेढा मारायला घेतला. संभाजीराव कट्ट्यावर भेळ खात बसले. फिरायला आलेले लोक माझ्या फेंगाड्या पायांकडे बघत होते. फोनवर दीडशे उमटले, तरी खात्रीसाठी वेढा पुरा केला.

गल्लीत अण्णा उभेच होते. संभाजीराव त्यांना एवढंच म्हणाले, "फॅट बरोबर लागलंय."

अण्णा लगेच नव्या फ्लेक्सच्या गोष्टी करू लागले. मी म्हटलं, नवा नको, फक्त जुना काढा. "ह्यावरचा आकडा आता खराच हाय की," अण्णा म्हणाले. पण त्या फ्लेक्सवर मागच्या वर्षीचा फोटो होता, आणि फोटोतली बाई एकशे सत्तेचाळीसच चालवून आली होती.

दुसऱ्या दिवशी संभाजीराव जुना फ्लेक्स न्यायला आले. गोठ्यावर घालायला हवा होता. मी घडी घालू लागले. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की वाकताही येईना. ते गाडीवर बांधत असताना विचारलं, "काल तो खांदा पुढं केलात, ती परीक्षा होती का?"

त्यांनी गाठ ओढून बघितली. "तुमाला काय वाटलं?"

"परीक्षा."

"मग परीक्षाच म्हणा," ते म्हणाले आणि किक मारली.

आठवडा झाला. दीडशेबद्दल आता माझी खात्री आहे, दोन यंत्रं आणि एक टेस्टर साक्षीला आहेत. पण वारं सुटलं की तो झुकलेला खांदा आठवतो. आता मला वाटतं, त्यांना नुसतीच दया आली होती. तीस वर्षांत कदाचित पहिल्यांदा. आणि मी त्यांचा कॅन परत पाठवला.